पुनवेची भवानी

नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी प्राचीला आईच्या ओट्यावर बसवलं, ते फक्त एका दिवसासाठी. "एकच दिवस" हे आईने, सगुणाने, त्या आठवड्यात इतक्या वेळा म्हटलं होतं की घरातल्या मांजरालाही ते पाठ झालं असेल. सकाळी चहा देताना एकच दिवस, दुपारी भात वाढताना एकच दिवस, लेकीच्या बॅगेत नवा टॉवेल कोंबताना पुन्हा एकच दिवस. बाईचा उजवा हात गळ्यात अडकवलेला, चेहरा काकुळतीला आलेला. कुठली लेक नाही म्हणेल? प्राची म्हणाली, बसते. आणि फसली.

आधी ओटा म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वायफळ वाटेल. अलिबागहून किहीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नाक्याच्या जरा अलीकडे, पत्र्याची एक लांबलचक शेड आहे. तो मासळीबाजार. आत सिमेंटचे छत्तीस ओटे, आणि एकेका ओट्यावर एकेका घरची बाई. शनिवारी-रविवारी बंगलेवाल्यांच्या गाड्या लागल्या की तिला मान वर करायला फुरसत नसते. हा ओटा विकत मिळत नाही. सासू थकली की सून बसते, तिच्यामागे तिची सून. शेडच्या बाहेर गटाराच्या कडेला मासळीची पाटी मांडून उन्हात बसणाऱ्या बायका निराळ्या. त्यांना ओटा नाही, आणि आतला एखादा रिकामा होईल म्हणून त्या वर्षानुवर्षं डोळे लावून असतात. रघूची बायको त्यांत पहिल्या नंबरावर. आत कुणी खोकलं तरी ती वळून बघते, असं बाजारात म्हणतात.

सगुणा त्या ओट्यावर तीस वर्षं बसली. नवरा हिरामण खलाशी, दुसऱ्यांच्या होड्यांवर उमर घालवली आणि दम्याने दोन वर्षांपूर्वी घरी बसला. आता पडवीत जाळी सांधतो. थोरला अल्पेश रो-रो बोटीच्या जेट्टीवर गाड्या रांगेत लावतो, तेही कंत्राटावर, आज आहे तर उद्या नाही. घर चालत होतं ते ओट्यावर. ओटा गेला तर घर बसलं, इतकं साधं होतं ते.

आणि या बाईने आपल्या पोरीला त्या ओट्याच्या वाऱ्यालाही उभं केलं नव्हतं. शाळेत असताना प्राची एकदा डबा घेऊन बाजारात गेली, तर सगुणाने तिला शेडच्या दारातूनच परत हाकललं. हाताला वास लागला की वहीला लागतो, असं तिचं म्हणणं. बाजूच्या घरच्या पोरी आठवीपासून आयांच्या शेजारी बसून कोळंबी निवडत होत्या, तेव्हा प्राची पडवीत बसून पाढे म्हणत होती. पुढे बारावी, पुढे अलिबागच्या कॉलेजात बीएस्सी. सगुणा बाजारात सांगायची, माझी पोर रसायन शिकते. तीनदा सांगितल्याशिवाय तिचा दिवस जात नसे. चांगलंच की. पण याचा अर्थ असाही होता, की बाजारातल्या रीती प्राचीला येत नव्हत्या, आणि त्या कुणी तिला सांगितल्याही नव्हत्या. पाण्यात न उतरवलेल्या पोराला पाणी कुठे खोल ते कसं कळणार?

जूनमध्ये तिला कोचीहून पत्र आलं. परदेशी जाणारी मासळी तपासायचं वर्षभराचं प्रशिक्षण, राहायची सोय, वर विद्यावेतन, आणि नंतर तळोज्यापासून वेरावळपर्यंत कुठल्याही कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा. महाराष्ट्रातून तिघांना घेतलं होतं, त्यांत ही एक. पुनवेनंतरच्या बुधवारी सकाळी मूळ कागदपत्रं घेऊन तिथे हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या नावाला. सोमवारी दुपारी पनवेलहून गाडी होती. तिकीट काढून झालं होतं. हिरामणने पत्र हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं आणि विचारलं, की मासळीचंच करायचं तर एवढं लांब कशाला. प्राचीला हसू आलं होतं तेव्हा. पांढरा कोट घालून करायचंय बाबा, असं ती म्हणाली होती.

मग जुलैमध्ये सगुणा शेवाळलेल्या पायरीवरून घसरली आणि मनगट मोडलं. आत पट्टी बसवली, चार महिने कोयता धरायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. बंदीचे दिवस होते म्हणून बाजार तसाही बंद होता. पण पुनव जवळ आली. सरकारची बंदी ऑगस्टच्या एक तारखेला उठते, तरी या कोळीवाड्यात दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी हलत नाही, आणि बाजारही दुसऱ्या दिवशीच उघडतो. त्या दिवशी ओटा रिकामा राहिला तर तो गेला. एवढी एक रीत मात्र प्राचीला ठाऊक होती, कारण ती साऱ्या वाडीला ठाऊक असते.

सुनेने का बसू नये? रास्त प्रश्न आहे. सून होती ना घरात. अमिषा, अल्पेशची बायको, लग्नाला दीड वर्ष झालेलं, बारावी पास, हातीपायी धड. पण अमिषाचे वडील अलिबागच्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. जात तीच, कोळीच, पण त्यांच्या घरात दोन पिढ्यांत कुणी पाटी उचललेली नाही. त्यांनी लग्नाच्या बैठकीत, साऱ्या पाहुण्यांसमोर, एकच अट घातली होती. आमची मुलगी बाजारात बसणार नाही. अल्पेशने शब्द दिला. आणि सगुणा तर अशी खूश झाली, की जणू कुणी तिलाच मोठेपणा दिला. आठवडाभर ती घरोघर सांगत होती की आमची सून बाजारात बसणारी नाही, ऑफिसवाल्यांची आहे. तीस वर्षं ज्या ओट्याने पोसलं त्याच्यावर न बसणारी सून आणली म्हणून या बाईला अभिमान. बोला आता.

म्हणून मग प्राची. पहिला दिवस तू बस, भवानी कर, दुसऱ्या दिवसापासून मैना मावशी येईल, असं सगुणाने ठरवून दिलं. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, आणि पुनवेनंतरची भवानी म्हणजे सालाची पहिली. ती घरच्याच माणसाच्या हातून व्हावी लागते, असं तिने सांगितलं. मैना मावशी ही सगुणाची थळची बहीण. प्राचीला वाटलं, शनिवार बसायचं, रविवारी बॅग बांधायची, सोमवारी गाडी. हिशेबात चूक कुठेच दिसत नव्हती.

शनिवारी पहाटे होड्या लागल्या. प्राचीने आईचं जुनं लुगडं नको म्हटलं, पंजाबी ड्रेसवर ओढणी खोचली आणि ओट्यावर जाऊन बसली. पहिली पंधरा मिनिटं तिला कुठे बघावं ते कळेना. मांडी घालावी तर ड्रेस भिजतो, पाय सोडावे तर गिऱ्हाइकाला लागतात. शेजारच्या ओट्यावरची बाई गालात हसत होती, पण मायेने. तिनेच पापलेटं कशी लावायची ते दाखवलं, पोटाची बाजू वर, शेपट्या एका बाजूला.

आणि पहिलं गिऱ्हाईक कोण यावं? कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या मॅडम. खांद्याला कापडी पिशवी, डोळ्यांवर काळा चष्मा. प्राचीच्या अर्जासोबतचं शिफारसपत्र यांनीच लिहिलं होतं. त्या आधी चमकल्या, मग चष्मा वर करून म्हणाल्या, अगं तू? प्राचीने घाईघाईने सांगितलं, की आईचा हात मोडलाय, आजचाच दिवस आहे, बुधवारी कोचीला हजर होतेय. मॅडमना बरं वाटलं. त्यांनी एक सुरमई निवडली आणि तुकडे करून मागितले. प्राचीला सुरमई कापता येत नव्हती. तिने कोयता धरला तो पेन धरल्यासारखा. शेवटी शेजारणीने हात पुढे करून मासा ओढून घेतला आणि दोन मिनिटांत तुकडे पिशवीत टाकले. मॅडम कौतुकाने बघत राहिल्या. जाताना म्हणाल्या, "जमेल तुला पटकन. तुमच्या लोकांच्या रक्तातच असतं ना हे."

तीन वर्षं या बाईंच्या वर्गात प्राचीने पहिला नंबर सोडला नव्हता. प्रयोगशाळेतलं टायट्रेशन तिच्याइतकं नेमकं कुणाचं येत नसे, म्हणून मॅडम स्वतः तिचा ब्युरेट इतर मुलांना दाखवायच्या. तेव्हा कुणाच्या रक्तात काय आहे ते कुणी काढलं नव्हतं. अर्धा तास ओट्यावर बसली नाही तोच रक्तापर्यंत गोष्ट गेली. प्राची हसली, कारण भवानीचं गिऱ्हाईक दुखावून चालत नाही असं आईने बजावलं होतं. नोट कपाळाला लावली. आत कुठेतरी चडफडली.

भवानी झाली तशी ठमाबाई उठली. ठमाबाई ही बाजारातली म्होरकी, सत्तरीच्या पुढची, कानात जड सोन्याच्या कुड्या, आवाज असा की बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवायचा थांबावा. ती एकेका ओट्यापाशी जात होती. प्राचीच्या ओट्यावर तिने कुंकवाचं बोट ओढलं, नारळ फोडला, पाणी चारी कोपऱ्यांना शिंपडलं आणि मोठ्याने म्हणाली, "सगुणाची प्राची बसली." आणि साऱ्या बायकांनी एका सुरात म्हटलं, "बसली."

प्राचीला ते फार आवडलं. काय छान रीत आहे, असं तिच्या मनात आलं. तिने शेजारणीला फोन देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला, कुंकू दिसेल असा, आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, एक दिवसाची कोळीण. बाहेर रघूच्या बायकोने मात्र तो "बसली" ऐकला आणि पाटीवरचं फडकं झटकून तोंड फिरवलं. प्राचीला वाटलं, बिचारी उन्हाने त्रासली असेल.

दुपारी माल संपला. ओटा धुताना ठमाबाई तिथे सुपारी कातरत उभी राहिली, तेव्हा प्राचीने सहज सांगितलं की उद्यापासून मैना मावशी येणार आहे. ठमाबाईचा अडकित्ता थांबला. तिने विचारलं, कोण मैना, थळची? तिचा तिथल्या बाजारात ओटा आहे. एका बाईचे दोन ओटे होत नाहीत. शिवाय बहीण म्हणजे परक्या घरची. आणि मुख्य गोष्ट राहिलीच.

"पुनवेची भवानी जिनं केली, तीच सालभर बसते गो. पुढली बंदी लागंपावत. मधी उठली तं ओटा बाहेरच्या बाईला. आईनं सांगितला न्हाय तुला?"

प्राचीने झाडू खाली ठेवला. म्हणजे तो "बसली" काय होता, ते तिला आत्ता कळलं. शेडभरच्या बायकांनी एका सुरात तिला वर्षभरासाठी बसवलं होतं, आणि ती फोटो काढत होती. ठमाबाईला तिची दया आली असावी. ती म्हणाली, एक वाट आहे. तिसऱ्या दिवसापर्यंत घरची सून येऊन बसली, तर लेकीचं नाव उठवून सुनेचं लावता येतं. सोमवारी सकाळपर्यंत. दुसरं कुणी चालत नाही.

सोमवारी सकाळी. गाडी दुपारची. म्हणजे अजून सगळं हातात होतं, फक्त अमिषाने हो म्हणायला हवं होतं. प्राची बाजारातून घरी अशी निघाली की चपलेचा अंगठा तुटला तरी थांबली नाही. रस्ताभर ती आईशी मनात भांडत होती. आई विसरली असेल, असं एकदा वाटलं. मग वाटलं, तीस वर्षं ज्या ओट्यावर बसली त्याची रीत कोण विसरतं? सरळ बॅग उचलून निघून जावं असंही तिच्या मनात आलं. जायला कुणी तिचे पाय बांधले नव्हते. पण मग ओटा रघूच्या बायकोचा, आणि आईचा हात बरा झाल्यावर आई गटाराच्या कडेला पाटी मांडून बसणार, साठाव्या वर्षी, उन्हात. आणि आयुष्यभर वाडी म्हणणार की पोरगी शिकली आणि ओटा घालवला. हे आईला ठाऊक होतं. लेक तेवढी निर्दय नाही, हेही ठाऊक होतं. त्याचीच तर चीड येत होती. आपल्या चांगुलपणावर कुणी पेच टाकला, की धड ओरडताही येत नाही.

घरात शिरली तेव्हा अल्पेश जेवत होता, अमिषा वाढत होती. हिरामण पडवीत जाळं मांडीवर घेऊन बसला होता. सगुणाने लेकीचं तोंड बघितलं आणि काय ते ओळखलं. तिने उगाच विचारलं, की भवानी कुणाची झाली.

"आये, तुला ठाऊक होतं," प्राची म्हणाली.

सगुणा हळूच म्हणाली, "सांगितला असता तं तू बसली असतीस का?"

बास. एवढंच. ना कबुली, ना माफी. प्राचीला वाटलं होतं की आई आढेवेढे घेईल, खोटं बोलेल, रडेल. तिने तर सरळ पुढ्यात ठेवलं. सगुणा मग समजावू लागली. एका सालाचा तर प्रश्न आहे. पत्र काय, पुढच्या सालीपण येईल. हात बरा झाला की बघू. कोची काही कुठे पळून जात नाही. प्राचीने विचारलं, की पुढच्या साली तीच जागा मला राखून ठेवणार आहेत का, तिथे काय तुझी बहीण बसलीय? पण हे भांडण लांबवायला वेळ नव्हता. तिने ठमाबाईने सांगितलेली वाट सांगितली. सोमवारी सकाळपर्यंत वहिनी बसली तर सुटका आहे. आणि ती अमिषाकडे वळली.

अमिषाच्या हातात आमटीची पळी होती. ती सासूकडे बघत नव्हती, नवऱ्याकडेही नाही. दीड वर्षात या घरात तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आज पहिल्यांदा विचारलं जात होतं. तिने पळी भांड्यात ठेवली आणि म्हणाली, "मी बसते. मला चालेल. घरात बसून तरी मी काय करते."

प्राचीला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण अल्पेशने ताटावरून हात उचलला. म्हणाला, तुला चालेल, तुझ्या बापाला चालणार नाही. मी बैठकीत शब्द दिलाय. उद्या अलिबागचा कुणी ओळखीचा आला, त्याने बघितलं, फोन गेला, की ते इथे येऊन उभे राहतील. मुलगी घेऊन जातील. टेन्शन मला. अमिषा म्हणाली की मी समजावते बाबांना. तो म्हणाला, तू त्यांना ओळखत नाहीस. त्यांची मुलगी त्यांना ओळखत नाही, हा ओळखतो. अमिषाने पुन्हा पळी उचलली. 

"दादूस, तुझी बायको बारावी झालीय. मी बीएस्सी झाले," प्राची म्हणाली. "ती बसली तर लाज, आणि मी बसले तर काय?"

अल्पेश पुन्हा भात कालवू लागला.  मुळात तो वाईट नव्हता. तिची बॅग शिवून आणायला तोच गेला होता, पनवेलपर्यंत सोडायला मित्राची गाडीही त्यानेच सांगून ठेवली होती. पण शब्द दिला की दिला, आणि तो ज्यांना दिला ते कचेरीतले. त्यांच्यासमोर मान खाली जायला नको. घरातल्या माणसासमोर खाली गेली तर बिघडत नाही, तिथे कुणी बघायला येत नाही.

प्राचीने आईला धरलं. तू सांग दादाला. तू म्हणालीस तर तो ऐकेल. एक सालच तर बसायचंय वहिनीला, पुढच्या पुनवेला तू बसशील. ती अगदी अजिजीने बोलत होती, स्वतःचाच राग येईल इतक्या अजिजीने. सगुणा डाव्या हाताने उजव्या हाताचं फडकं नीट करत राहिली. ते आधीच नीट होतं.

"सुनेला बसवली तं तिच्या बापाला काय तोंड दाखवू?" ती म्हणाली.

"आणि लेकीला बसवली तर?"

"लेकीचा बापूस घरातच हाय. तो काय बोलनार हाय?"

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही, हेच वाईट. भाताला आधण आलंय सांगावं तसं बोलली. तिच्या दृष्टीने ते इतकं उघड होतं. अमिषाचा बाप बाहेरचा, पेन्शनवाला, इस्त्रीच्या शर्टातला. त्याने एक वाक्य बोलून आपल्या मुलीच्या पुढे भिंत उभी केली होती, आणि ती भिंत आजही इथे, या घरात, त्याच्या गैरहजेरीत उभी होती. प्राचीसाठी असं वाक्य कुणीच, कधीच बोललं नव्हतं. कुठल्या बैठकीत बोलणार? आपल्याच घरात आपल्या लेकीसाठी अट कोण घालतं?

प्राची पडवीत गेली. हिरामणने सगळं ऐकलं होतं. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पडदाच तर आहे, आणि जाळ्याची सुई मघापासून एकाच गाठीवर थांबलेली होती. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. ड्रेसला अजून खवले चिकटलेले होते. तिने विचार केला, यांनी आज एकदाच म्हणावं. मोठ्याने नको, भांडण नको. माझी पोर बाजारात बसणार नाही, एवढंच. अमिषाच्या बापाने म्हटलं तेवढंच. पाच शब्द आहेत. घरात पुढे बोलायची कुणाची हिंमत होणार नाही, कारण हा माणूस कधी काही बोलतच नाही, आणि जो कधी बोलत नाही त्याचं एकदाचं बोलणं मोडत नाहीत.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही बोला ना काहीतरी."

हिरामणने मान वर केली. त्याचे डोळे पाणावलेले होते, दम्याने असतील किंवा नसतील. छातीत शिट्टी वाजत होती. त्याने ओठ हलवले, आत स्वयंपाकघराकडे बघितलं, पुन्हा लेकीकडे बघितलं.  आत अल्पेशचं ताटही वाजायचं थांबलं होतं. सगळं घर त्याच्या तोंडाकडे कान लावून होतं, आणि त्या क्षणी तरी प्राचीला खात्री वाटली की हा बोलणार.

"उद्या बर्फाच्या दोन लाद्या घे," हिरामण म्हणाला. "रईवार हाय. येक पुरत न्हाय."

आणि त्याने सुई पुढच्या गाठीत घातली.

आत ताट पुन्हा वाजू लागलं. अमिषाने अल्पेशला भात हवा का विचारलं. सगुणा म्हणाली, हात धुऊन घे, तूपण जेव. प्राची तशीच बसून राहिली. तिला ओरडायचं होतं, पण कुणावर? चौघांपैकी एकानेही तिचं वाईट चिंतलं नव्हतं. ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस अलिबागला आपल्या घरी दुपारची झोप काढत असेल, आणि त्यानेही तिचं काही वाईट केलं नव्हतं. त्याने फक्त आपल्या मुलीचं बघितलं होतं.

रविवारी पहाटे प्राची बर्फवाल्याकडे गेली आणि दोन लाद्या घेतल्या. किहीमच्या बंगल्यांवर मुंबईची माणसं आलेली, दुपारपर्यंत गर्दी हटली नाही. दोन्ही लाद्या लागल्या.